बिनपहाऱ्याचे उंदीर

६ जानेवारी

नवी नोकरी, नवी वही. वही थोरलीनं दिली. म्हणाली, तू दिवसभर नाक मुरडत असतेस, ते सगळं आता वहीला सांगत जा. मला सांगितलंस की मला हसू येतं आणि हसलं की टाके दुखतात. म्हणून हा उद्योग.

संस्थेची इमारत बाहेरून एखाद्या बँकेसारखी आहे, काचा आणि कुंड्या. उंदीरघर मात्र तळघरात. खाली उतरलं की आधी आंघोळीची खोली. घरचं काहीही आत न्यायचं नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही, केसातली पिनसुद्धा नाही. मग धुतलेला निळा झगा, टोपी, मास्क, पायांना पिशव्या, हातमोज्यांवर आणखी हातमोजे. मी म्हटलं, बहिणीच्या लग्नातही मला कुणी एवढं नटवलं नव्हतं. मावशी हसल्या. मावशी म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या. त्यांच्याहून वयानं मोठे शास्त्रज्ञही त्यांना मावशीच म्हणतात. मला आवडल्या. तोंडानं फटकळ आहेत, म्हणजे आमचं जमेल.

उंदीर पाहिले आणि सकाळचा चहा घशाशी आला. अंगावर एक केस नाही. गुलाबी, सुरकुतलेले, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखे. कानातून दिवा दिसतो, पोटातलं काळं-पिवळं काय ते बाहेरून कळतं. मी लहानपणापासून घरातली नाकमुरडी. दुधावरची साय ओठाला लागली तरी मला उमासे येतात. माझ्या वाट्याची साय कायम थोरलीनं खाल्ली. अशा बाईनं हे काम धरावं म्हणजे मांजरानं पोहायची शिकवणी लावण्यासारखं आहे.

प्रमुख शास्त्रज्ञांना मी मनातल्या मनात गुरुजी नाव ठेवलंय, कारण पाणी मागितलं तरी ते पाण्यावर तास घेतील. त्यांनी समजावलं ते असं. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात पहारेकरी असतात. घरचं कोण, परकं कोण, हे ते ओळखतात आणि परक्याला हाकलतात. या उंदरांच्या अंगात पहारेकरीच नाहीत. कुणीही यावं आणि बिऱ्हाड थाटावं. माणसाच्या गाठीचा तुकडा त्यांच्या कातडीखाली ठेवला तर तो तिथे सुखानं वाढतो. मग त्या गाठीवर औषधं करून बघायची. आणि पहारा नाही म्हणूनच ही आंघोळ आणि हे मोजे. आपल्याला नुसती शिंक येईल अशा जंतूनं त्यांची अख्खी खोली मरते.

आता मुद्द्याचं. शेवटच्या रॅकवर जो नंबर आहे, तोच थोरलीच्या कागदांवर आहे. त्या रॅकमधल्या उंदरांच्या अंगावर तिची गाठ वाढतेय. पिंजऱ्यांना चार रंगांच्या चिठ्ठ्या आहेत. निळी, हिरवी आणि पिवळी म्हणजे तीन निरनिराळी औषधं, पांढरी म्हणजे काहीच नाही. ज्या रंगाच्या गाठी आटतील ते औषध थोरलीला मिळणार. तिच्यासाठी बाकी सगळे उपाय करून झालेत.

दूध तपासायच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे ही नोकरी सहज मिळाली. तिचं आणि माझं नातं मात्र मी सांगितलं नाही. रुग्णाच्या नात्यातलं माणूस उंदीर हाताळत असेल तर त्या रॅकची सगळी मापं रद्द करतात, असा नियम आहे. मायेपोटी माप कमी-जास्त घेतलं जातं म्हणे. मी घेणार नाही. पण मला तिथे असायचंय. दुसऱ्या कुणाच्या हातून पिंजरा उघडा राहिला, कुणी खोकत आत आलं, तर मी कुणाला जाऊन विचारू?

आणि आम्ही नुसत्या बहिणी नाही, जुळ्या आहोत. एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. ती डावखुरी, मी उजवी, समोरासमोर जेवायला बसलो की आरसा मांडल्यासारखं वाटतं. ती जरा आधी जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर थोरलेपणा गाजवतेय. तिचं आजारपण सुरू झाल्यापासून मी तिच्याच घरी, मागच्या खोलीत राहते.

१० जानेवारी

कामाची सवय होतेय, वासाची नाही. भुसा बदलायचा, बाटल्या बदलायच्या, खाणं जंतू मारायच्या वाफेच्या कपाटातून काढायचं. मग गाठींची मापं. एका हातानं उंदराला मानेच्या कातडीला धरायचं, दुसऱ्या हातानं चिमट्यासारखं मोजमापाचं साधन गाठीला लावायचं. कातडी बोटांखाली सरकते, गाठ सरकत नाही. पांढऱ्या चिठ्ठीच्या एका उंदराची गाठ इतकी फुगलीय की तो ती ओढत चालतो. वर कातडी ताणून चकाकते आणि खाली जांभळ्या शिरा दिसतात.

आज एका पिंजऱ्यात एक मेलेला होता. म्हणजे त्याचं शेपूट आणि जबडा होता, बाकीचा सोबत्यांनी संपवला होता. गाठीसकट. मी मास्कच्या आत ओकारी दाबली. बाहेर येऊन मावशींना म्हटलं की माझ्यानं हे होणार नाही. त्या म्हणाल्या, किळस येते ना, मग तू ठीक आहेस. ज्या दिवशी यायची बंद होईल त्या दिवशी राजीनामा दे.

थोरलीला हे सांगितलं नाही. तिच्या गाठी वाढवणाऱ्या उंदरांना ती पोरी म्हणते. रोज विचारते की माझ्या पोरी कशा आहेत. मी सांगते, खाऊन-पिऊन सुखी आहेत.

१८ जानेवारी

वहीत खोटं कशाला लिहू. मला थोरलीचीही किळस येते.

तिच्या खोलीत जातानाही आता हात धुवा, मास्क लावा. उपचारांनी तिचेही पहारेकरी मारून टाकलेत. डोक्यावर केस नाही, भुवया नाहीत, कातडी सैल पडलीय. सकाळी तिला उचलून बसवताना माझे हात तिच्या काखेत होते आणि मला एकदम पिंजऱ्यातला उंदीर आठवला. टाक्यांवरची पट्टी बदलताना वास येतो, गोडसर, भिजून वाळलेल्या कापडासारखा. भाऊजी बिचारे तिचं ओकारीचं तसराळं हसत हसत उचलतात. मी श्वास धरून उचलते. तिला कळतं. काल म्हणाली, अगं नाकमुरडे, सायीसारखी तोंडं करू नकोस, मी खायला सांगत नाहीये तुला. आम्ही दोघी हसलो आणि तिचे टाके दुखले.

तिच्याशिवाय माझं कुणी नाही. तरी श्वास धरावा लागतो, ही माझी लायकी.

२३ जानेवारी

आज एक घोळ झाला. सावकाश लिहिते.

एका उंदराची गाठ फार मोठी झाली की ती काढतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि सुईनं नव्या उंदरांच्या कातडीखाली सोडतात. अशी ती एका अंगातून दुसऱ्या अंगात चालू राहते. आज ते काम होतं. गुरुजी सुई टोचत होते, मी डाव्या हातात उंदीर धरला होता. मला गाठीचा लगदा पाहवत नव्हता. काचेच्या वाटीत करडा-गुलाबी, कच्च्या अंड्यासारखा चिकट. मी मान वळवली. तेवढ्यात उंदरानं पाय झाडले आणि सुई दोन्ही मोज्यांतून माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी गेली. गुरुजींचा दट्ट्या दाबून झाला होता.

ते पांढरेफटक पडले. मग भरभर हात धुवायला लावले, दाबून रक्त काढलं, औषध लावलं. आणि धीर आला तसा त्यांचा तास सुरू झाला. घाबरायचं कारण नाही, दुसऱ्याची गाठ माणसाच्या अंगात रुजत नाही. तुझे पहारेकरी परकं मांस ओळखतील आणि त्याचा फडशा पाडतील. दोन दिवस लाल होईल, सुजेल, थोडा पू येईल, मग संपलं. हां, हुबेहूब जुळं भावंड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शरीर फसतं, पाहुण्याला घरचाच समजतं. पण जुळी माणसं काय रस्त्यावर पडलीत? असं म्हणून ते हसले. मावशीही हसल्या. मीही हसले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं तर मी बाहेर, रॅकची मापं रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून उंदीर वाढवण्याइतका वेळ थोरलीकडे नाही.

पिवळ्या चिठ्ठीच्या गाठी जरा मऊ लागतायत. एवढा निकाल लागू दे, मग सांगते. तोवर काय होणार आहे.

२७ जानेवारी

लाल झालं नाही. सूज नाही, ठणका नाही. मी रोज बघते, पू आला का. आयुष्यात कधी कुणी पुवाची इतकी वाट पाहिली नसेल. एखादा थेंब दिसला असता तर मी आनंदानं नाचले असते.

सुईचं भोक बुजलंय. कातडी साफ आहे, काही झालंच नाही अशी.

६ फेब्रुवारी

आहे.

मोहरीएवढी. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की बोटाखाली सरकते आणि परत जागेवर येते. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. मग साबणानं चोळलं, दगडानं घासलं. आतली घाण बाहेरून घासून जात नाही हे मला कळतं, तरी कातडी सोलेपर्यंत घासलं. माझ्या अंगात थोरलीचं मांस आहे. तिच्या मांसातलं जे नासलंय ते. माझं रक्त पिऊन राहतंय आणि माझं शरीर त्याला बसायला पाट देतंय.

भाऊजींनी विचारलं, हाताला काय झालं. पिंजऱ्याचं दार लागलं म्हटलं.

पिवळ्या गाठी आटतायत. गुरुजी अजून खात्रीनं बोलत नाहीत. थोरली आज दोन घास जेवली आणि दोन्ही बाहेर आले.

१४ फेब्रुवारी

वाटाण्याएवढी झाली. मी मोज्याच्या आत कापूस भरते, म्हणजे उंचवटा दिसत नाही.

आज एक विचित्र गोष्ट पाहिली. शेवटच्या रॅकमधल्या पिंजऱ्याला मी डावा हात लावला की उंदीर त्या बाजूला येतात. उजवा लावला तर कोपऱ्यात पळतात. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बाकीच्या रॅकमधले असं करत नाहीत, फक्त थोरलीचे. मागच्या पायांवर उभे राहतात, नाकं जाळीला लावतात, त्यांच्या गाठी जाळीवर दाबल्या जातात. मावशी म्हणाल्या, डाव्या हातानं लाडू चारतेस की काय गं त्यांना, उजव्यानंही चार, तो काय सावत्र आहे? मी म्हटलं, चारते लपून. आणि डावा हात पाठीमागे घेतला.

जाळीवर गाठींचा ओला डाग राहिला होता. मला पुसवेना.

२१ फेब्रुवारी

लागला निकाल. पिवळी.

पिवळ्या पिंजऱ्यांतल्या गाठी वाळून सुरकुतल्यात, दोघांच्या तर सापडतही नाहीत. निळ्या-हिरव्या फुगतच आहेत. गुरुजींनी थोरलीच्या डॉक्टरांना फोन केला, येत्या आठवड्यात औषध सुरू. भाऊजी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. थोरली म्हणाली, माझ्या पोरींनी मला वाचवलं. मीही रडले. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, नंतर नाकारेन म्हणून. पिवळ्या पिंजऱ्यातली एक वाळलेली गाठ मोजताना मला वाईट वाटलं. उंदराचं नाही, गाठीचं. बिचारी, असा शब्द मनात आला. आणि मोज्याच्या आत माझी जोरानं ठणकली.

माझी, असं लिहिलंय मी वर. खोडत नाही. दिसू दे.

३ मार्च

थोरलीला औषध लागू पडलं. डॉक्टरांनाही एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती. आज ती उशीला न टेकता बसली, भात मागून खाल्ला आणि भाऊजींवर खेकसली. खेकसली म्हणजे माणूस परत आलं.

आता लपवायचं कारण संपलं. मापं झाली, औषध मिळालं. माझी गाठ तीच आहे, म्हणजे औषधही तेच. ते संस्थेच्या कपाटात पडून आहे. उद्या गुरुजींना सांगायचं. रागावतील, काढून टाकतील, पण औषध देतील. हात वाचेल, मी वाचेन. एवढं सोपं आहे.

४ मार्च

गुरुजी बैठकीत होते. उद्या.

५ मार्च

उद्या नक्की.

११ मार्च

सांगितलं नाही. त्यांच्या दारापर्यंत गेले होते. हात वर केला, दार वाजवायला, डावा. तो वाजवेना. दुखत नव्हता, आखडला नव्हता. नुसता खाली आला आणि झग्याच्या खिशात गेला. एखादं मूल अनोळखी घरापुढे आईच्या मागे लपतं तसा.

आवळ्याएवढी झालीय. वरची कातडी पातळ, चकाकणारी, शिरा दिसतात. कडेला फुटलीय आणि चिकट पाणी येतं. थोरलीच्या खोलीत पूर्वी यायचा तोच वास. मी हात लांब धरून पट्टी बांधते, तोंड फिरवून. अजून किळस येते. मावशींच्या शब्दांना धरून बसलेय. किळस येते ना, मग तू ठीक आहेस.

१६ मार्च

आज जेवणाच्या टेबलावर थोरली माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं काय. म्हणाली, अगं, तू साय खाल्लीस.

पेला रिकामा होता. ओठांवर होती. मला कळलंच नव्हतं.

भाऊजी हसले, म्हणाले, चला, एक वाटेकरीण वाढली. थोरली हसली नाही.

१९ मार्च

वाणसामानाची यादी केली. नंतर पाहिलं तर पेन डाव्या हातात. अक्षर थोरलीचं. तिरकं, मागे झुकलेलं. ल तिचा, श तिचा.

मोजे घालवत नाहीत. तिला आत कोंडल्यासारखं होतं — तिला म्हणजे —

२२ मार्च

मी मोजे काढले.

उंदीरघरात कुणी नव्हतं. पांढऱ्या चिठ्ठीचा पिंजरा. आंघोळ केली होती, पण पट्टी तशीच घेऊन गेले. पट्टी सोडून उघडा हात आत ठेवला, भुशावर.

आले सगळे. भोवती बसले. पिल्लं आईला लुचतात तसे चिकटले, त्यांच्या उघड्या गाठी माझ्या गाठीला लावून. मग चाटायला लागले. बारीक, खरखरीत, गरम जिभा. ते चिकट पाणी पुसून काढलं त्यांनी. मी ओरडायला हवं होतं. मला किळस यायला हवी होती. मी तिची वाट पाहिली, फोडणी दिल्यावर ठसक्याची पाहतो तशी.

फार उशिरा आली, आणि थोडीशी.

२७ मार्च

पांढऱ्या पिंजऱ्यातले सगळे मेले. माझ्या हातावरच्या जंतूंनी. उरलेल्यांनी आधीच्यांना खाल्लं, मग तेही गेले. भुशात शेपट्या, जबडे. गाठी मात्र खाल्ल्या नव्हत्या या वेळी. नीट बाजूला काढून, एकमेकींना लावून ठेवल्या होत्या.

मावशींनी माझं मनगट धरलं, मोजा ओढला. कापूस पडला. त्यांनी पाहिलं. कोपऱ्यातल्या बादलीत ओकल्या. तोंड पुसून एवढंच म्हणाल्या की पोरी, किती दिवसांचं आहे हे, आणि तुला याची घाण वाटत नाही का.

मी म्हटलं, कसली?

२८ मार्च

मावशींनी गुरुजींना सांगितलं; गाठ रुजली म्हणजे मी त्या रुग्णाची जुळी, हे त्यांनी ताडलं. त्यांनी थोरलीच्या डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी घरी. भाऊजींकडून थोरलीला. मग सगळ्यांनाच कळलं की आम्ही कोण.

थोरली स्वतःच्या पायांनी चालत माझ्या खोलीत आली. कितीतरी महिन्यांनी. डोक्यावर काळे खुंट आलेत. म्हणाली, दाखव. दाखवला हात. तिनं तोंडावर पदर धरला आणि उमासा दाबला. तिला किळस आली. तिचीच तर आहे. तिला तिचीच किळस.

रडली. म्हणाली, माझ्यासाठी गप्प बसलीस ना, वेडे. म्हणाली, औषध आहे, तेच आहे, मी बरी झाले तशी तूही होशील. उद्या सकाळी गुरुजी गाडी घेऊन येतायत. आटेल म्हणाली. पिवळ्या चिठ्ठीसारखी. वाळून जाईल.

वाळून.

मला जवळ घ्यायला आली. आणि तेव्हा आली मला, किळस. पोटातून, पूर्वी यायची तशी. तिच्या नव्या केसांची, औषधी श्वासाची, कोरड्या, बरं होत आलेल्या कातडीची. परकी. मी तिला ढकललं. तिच्या पायांवर ओकले.

तिनं पाय मागे घेतला नाही. माझं तोंड पुसायला वाकली. मी तिचा हात झटकला.

२९ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. उजवा ऐकत नाही.

दाराला कडी आहे, कपाट लावलंय.

बाहेर आहेत. गुरुजी बोलतायत, समजावण्याच्या सुरात, तास घेतायत. मावशी माझ्या लहानपणच्या नावानं हाक मारतायत, ते त्यांना थोरलीनं सांगितलं असणार. भाऊजी दार ढकलतायत. थोरली रडतेय. दारापलीकडून तिचा वास येतोय — शी —

हिचा येत नाही. हिला कसलाच वास नाही आता. गरम आहे. ठोके आहेत. मी चाटून साफ केलीय, अंगावर एक डाग नाही.

गुरुजींचं चुकलं. पहारेकरी फसले नव्हते. ते आहेत, जागे आहेत, सगळे. मला जाणवतायत, रक्तात, दाताच्या मुळांशी. परकं कोण ते ओळखतात. दाराबाहेर जे आहे ते. फक्त घर आता हिचं आहे —

कडी तुटली. कपाट सरकतंय. थोरलीचा हात दिसतोय फटीतून, नागडा, गुलाबी, आत येतोय, माझ्याकडे —

जवळ आला की मी —